चित्र कोणाचे, हे आधी विचारा: मुलांच्या मालिकांतील पात्रांच्या व्यापारात उतरणाऱ्या कोकणातील नवख्यांसाठी

आंगणेवाडीच्या जत्रेत खेळण्यांच्या पालासमोर थोडा वेळ उभे राहिले, की एक गोष्ट सहज लक्षात येते. मुले भिरभिऱ्यांकडे, पिपाण्यांकडे आणि फुग्यांकडे बघतात, पण हात जातो तो ओळखीच्या चेहऱ्याकडे. एकाच कापडाची, एकाच शिलाईची दोन दप्तरे शेजारी टांगलेली असतात. एकावर नुसती फुले असतात, दुसऱ्यावर छोटा भीम किंवा डोरेमॉन असतो, आणि महाग असूनही दुसरेच आधी जाते. कापड, चेन, अस्तर यांच्या खर्चात काडीचाही फरक नसताना किमतीत जो फरक पडतो, त्या फरकावर जगभरचा एक प्रचंड व्यापार उभा आहे. मालिका हा त्या व्यापाराचा दिसणारा भाग असतो. दप्तरे, डबे, रेनकोट, वह्या, बाहुल्या आणि वाढदिवसाच्या टोप्या हा त्याचा कमाईचा भाग असतो.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतील दुकानदार, सावंतवाडीकडचे लाकडी खेळण्यांचे कारागीर आणि मुंबईत ॲनिमेशन शिकून गावी परतलेले तरुण मला या व्यवहाराविषयी वारंवार विचारतात. तिघांचे प्रश्न वेगळे असले, तरी तिघांनीही सुरुवात एकाच प्रश्नापासून करावी, असे माझे ठाम मत आहे: हे चित्र कोणाचे आहे आणि ते वापरण्याची परवानगी कोणी, कोणाला, कोणत्या वस्तूसाठी दिली आहे? पुढच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाच्या उत्तरातूनच निघतात.

पहिली पायरी: पैसा कोणाकडे जातो, हे समजून घ्या

मालिका लोकप्रिय झाली म्हणजे तिच्या निर्मात्याला वाहिनीकडूनच भरपूर पैसे मिळत असतील, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात लहान मुलांच्या मालिकेला वाहिनीकडून मिळणारी रक्कम पुष्कळदा निर्मितीखर्चालाही पुरत नाही. उरलेली भरपाई आणि खरा नफा पात्राच्या परवान्यांतून येतो. म्हणून जाणते निर्माते वाहिनीशी करार करताना प्रक्षेपणाचा हक्क देतात, पण पात्राचा हक्क शक्य तितका स्वतःजवळ राखतात.

आपल्या देशातील उत्तम उदाहरण छोटा भीमचे आहे. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनने, म्हणजे राजीव चिलका यांच्या कंपनीने, ही मालिका २००८ मध्ये पोगो वाहिनीवर आणली. पात्राची मालकी स्टुडिओकडे राहिली, आणि त्यामुळेच पुढे भीमच्या वस्तूंची स्वतःची दुकाने काढणे त्या कंपनीला शक्य झाले. मालिका बनवून हक्क विकून टाकले असते, तर ढोलकपूर गावोगाव पोचले असते, पण दप्तरावरचा पैसा दुसऱ्याच्या तिजोरीत गेला असता.

ब्लुई या ऑस्ट्रेलियन मालिकेकडे पाहिले, तर हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने दिसतो. ती ब्रिस्बेनच्या लुडो स्टुडिओने घडवली आणि २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक एबीसी वाहिनीवर प्रथम आली. परंतु जगभरचे वितरण आणि वस्तूंचे हक्क ब्रिटनच्या बीबीसी स्टुडिओजकडे आहेत. ज्या देशाच्या अंगणात ते कुत्र्याचे कुटुंब खेळते, तेथील वाहिनी तिच्या बाहुल्यांच्या जागतिक व्यापाराची मालक नाही. करारावरील सही कोणत्या वेळी आणि कोणत्या अटींवर झाली, यावर किती मोठी गोष्ट ठरते, ते यातून ध्यानात यावे.

तिसरे उदाहरण किमतीच्या अंगाने उपयोगी आहे. पेपा पिग ही मालिका नेव्हिल ॲस्टली, मार्क बेकर आणि फिल डेव्हिस या तिघांच्या छोट्या कंपनीची; ती २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली. २०१५ मध्ये एंटरटेनमेंट वन या कंपनीने त्या छोट्या कंपनीचा ७० टक्के हिस्सा १४ कोटी पौंडांना घेतला. २०१९ मध्ये खेळणी बनवणाऱ्या हॅस्ब्रोने एंटरटेनमेंट वनच विकत घेण्याचा सुमारे ४ अब्ज डॉलरांचा सौदा जाहीर केला. २०२३ मध्ये हॅस्ब्रोने त्यातील चित्रपट आणि मालिकांचा मोठा व्यवसाय लायन्सगेटला विकला, पण पेपाला मात्र स्वतःजवळच ठेवले. काय विकले आणि काय राखले, एवढे पाहिले तरी या धंद्याचा गाभा कोठे आहे, हे कळते.

उलटा प्रवासही झालेला आहे, आणि तो आपल्याकडच्या खेळणी बनवणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. मॅटेलने ही-मॅनची बाहुली १९८२ मध्ये बाजारात आणली आणि तिच्यावरची मालिका नंतर, १९८३ मध्ये आली. हॅस्ब्रोने जपानच्या टाकारा कंपनीची रूप बदलणारी यंत्रखेळणी घेतली, त्यांना नावे, स्वभाव आणि वैर दिले, आणि १९८४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्सची मालिका उभी राहिली. त्या काळात अमेरिकेत मुलांच्या कार्यक्रमांवरचे निर्बंध सैल झाले होते, म्हणून खेळण्याची जाहिरात ठरावी अशी अर्ध्या तासाची मालिका दाखवता येत होती. पुढे १९९० मध्ये तेथे कायदा होऊन मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींवर शनिवार-रविवारी तासाला साडेदहा मिनिटे आणि इतर दिवशी बारा मिनिटे अशी मर्यादा आली. मुलांना जाहिरात आणि गोष्ट यांतील फरक कळत नाही, ही त्या मर्यादेमागची चिंता मला आजही रास्त वाटते, आणि या व्यापारात येणाऱ्या प्रत्येकाने ती मनाशी बाळगावी.

आकड्यांविषयी एक सावधगिरी सांगतो. परवानाधारक व्यापाराच्या वार्षिक याद्यांत डिस्ने पहिल्या क्रमांकावर असते आणि तिच्या पात्रांच्या वस्तूंची वर्षाची विक्री ६० अब्ज डॉलरांहून अधिक सांगितली जाते. तो आकडा दुकानातील किरकोळ विक्रीचा असतो; डिस्नेला मिळणारे उत्पन्न नसते. कोणी आपल्याला एखाद्या पात्राचा ‘अमुक कोटींचा ब्रँड’ म्हणून परवाना घ्यायला सांगू लागला, तर तो आकडा किरकोळ विक्रीचा की हक्कधारकाच्या हाती पडणाऱ्या रॉयल्टीचा, हे तेथल्या तेथे विचारावे.

दुसरी पायरी: आपण कोठे उभे आहोत, ते ठरवा

या व्यापारात शिरण्याचे आपल्यासारख्यांना तीन मार्ग आहेत. एक, परवान्याचा अस्सल माल घेऊन विकणे. दोन, हक्कधारकाकडून परवाना घेऊन स्वतः माल बनवणे. तीन, स्वतःचे पात्र घडवणे. पहिल्याला थोडे भांडवल आणि पुष्कळ चौकसपणा लागतो. दुसऱ्याला मोठे भांडवल आणि शिस्त लागते. तिसऱ्याला भांडवल कमी लागते, पण संयम सर्वांत जास्त लागतो. दोन मार्ग एकदम धरू नयेत. कुडाळ किंवा चिपळूणसारख्या गावात दुकान असलेल्या माणसाने पहिल्या दोन वर्षांत परवान्याच्या मागे लागू नये, असा माझा सल्ला आहे.

तिसरी पायरी: दुकानासाठी माल घेताना

माझ्या दुकानाच्या पहिल्याच पावसाळ्यापूर्वी मी एका घाऊक व्यापाऱ्याकडून लहान मुलांचे रेनकोट आणले. पाठीवर एका प्रसिद्ध पात्राचे मोठे चित्र होते, आणि माल ‘ओरिजिनल’ असल्याचे त्याने तोंडी सांगितले होते. बिलावर मात्र ‘रेनकोट, लहान’ एवढेच लिहिलेले होते. काही दिवसांनी हक्कधारकाच्या वकिलाची नोटीस आली, तेव्हा माझ्याजवळ दाखवण्यासारखा एकही कागद नव्हता. सगळे रेनकोट उतरवून द्यावे लागले आणि ऐन जूनमध्ये दुकानाची भिंत रिकामी राहिली. त्या नुकसानीतून शिकलेली तपासणी अशी आहे.

अस्सल वस्तूच्या वेष्टनावर किंवा शिवलेल्या चिठ्ठीवर हक्कधारकाचे नाव आणि वर्षासह कॉपीराइटची ओळ असते, आणि त्याखेरीज ज्या भारतीय कंपनीने परवाना घेऊन तो माल बनवला तिचे नाव व पत्ता असतो. पुष्कळ हक्कधारक होलोग्रामची चिकटपट्टीही लावायला लावतात, पण केवळ होलोग्रामवर विसंबू नये, कारण बनावट माल करणारा बनावट होलोग्रामही करतो. चित्राकडे नीट पाहावे: पात्राचा रंग किंचित वेगळा, डोळे जरा तिरके, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची पात्रे एकाच डब्यावर, अशा खुणा दिसल्या की माल परत करावा. मॅटेलची बार्बी आणि डिस्नेची राजकन्या एका कंपासपेटीवर शेजारीशेजारी उभ्या राहत नाहीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बिलावर पात्राचे नाव आणि परवानाधारक कंपनीचे नाव लिहून मागावे. जो व्यापारी ते लिहायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडून आपले उत्तर आपल्याला मिळालेलेच असते.

बनावट माल विकणे हा केवळ दिवाणी वाद नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ आणि ट्रेडमार्क कायदा, १९९९ या दोन्हींखाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘मी फक्त विकतो, बनवत नाही’ या बचावाचा पुराव्याच्या कागदांशिवाय फारसा उपयोग होत नाही.

आयात मालाचा विचार करणाऱ्यांनी आपल्याच किनाऱ्यावरच्या न्हावा-शेवा बंदरातील व्यवस्था समजून घ्यावी. हक्कधारक आपले ट्रेडमार्क आणि कॉपीराइट सीमाशुल्क विभागाकडे नोंदवून ठेवू शकतात, आणि २००७ च्या नियमांनुसार संशयित बनावट माल बंदरातच अडवला जातो. याशिवाय खेळण्यांवरचे आयातशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. त्यामुळे परवान्याची खेळणी भारतातच बनवून घेण्याकडे कंपन्यांचा कल वाढला, आणि छोट्या कारखान्यांना थोडी वाट मोकळी झाली.

खेळणे आणि इतर वस्तू यांत कायदा फरक करतो, हेही दुकानदाराला ठाऊक असावे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. दप्तर, रेनकोट, पाण्याची बाटली ही खेळणी नव्हेत. त्यांना हा आदेश लागू नाही. बाहुली, गाडी, ठोकळे यांना तो लागू आहे, मग त्यांच्यावर कोणत्याही नामवंत पात्राचे चित्र असो. पात्राचा परवाना आणि सुरक्षिततेचे चिन्ह या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, आणि एक असली म्हणून दुसरी असतेच असे नाही.

चौथी पायरी: परवाना घेऊन माल बनवायचा असेल तर

येथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण उत्साहाच्या भरात सर्वाधिक पैसा याच पायरीवर बुडतो.

हक्कधारक बहुधा स्वतः समोर येत नाही. त्याच्या वतीने परवाना देणारी एजन्सी मुंबईत किंवा दिल्लीत असते. तिच्याकडे जाताना तोंडी ओळखीपेक्षा आपल्या कारखान्याची क्षमता, आधीची विक्री, माल कोणत्या दुकानांत जातो आणि पुढच्या तीन वर्षांचा अंदाज, हे कागदावर न्यावे. ती परवाना देते तो नेहमी तुकड्यातुकड्यांत असतो: अमुक पात्र, अमुक वस्तू, अमुक प्रदेश, अमुक मुदत. ‘छत्र्यांचा परवाना’ म्हणजे रेनकोटचा परवाना नव्हे, आणि ‘महाराष्ट्र व गोवा’ असे लिहिले असेल तर तोच माल बेळगावच्या दुकानात पाठवणे हा करारभंग ठरतो, मग ते दुकान सावंतवाडीहून आंबोली घाट चढून दोन-तीन तासांवर का असेना.

पैशाचे तीन भाग असतात. रॉयल्टी म्हणजे घाऊक विक्रीच्या निव्वळ रकमेवर द्यायची टक्केवारी. ती पात्रानुसार आणि वस्तूनुसार बदलते. मिनिमम गॅरंटी, जिला व्यवहारात सर्रास ‘एमजी’ म्हणतात, ती म्हणजे विक्री होवो न होवो, मुदतीत द्यावीच लागणारी किमान रक्कम. ॲडव्हान्स म्हणजे त्या एमजीपैकी सहीच्या वेळी द्यायचा भाग. नवखा माणूस रॉयल्टीच्या टक्केवारीवर घासाघीस करतो आणि एमजीकडे दुर्लक्ष करतो. ही चूक किती महाग पडते, ते एका कल्पित हिशेबाने दाखवतो.

समजा, एका जेवणाच्या डब्याची घाऊक किंमत २०० रुपये आहे, रॉयल्टी १० टक्के ठरली आहे आणि एमजी ५ लाख रुपये आहे. दर डब्यामागे २० रुपये रॉयल्टी होते, म्हणजे एमजी फिटायला २५,००० डबे विकले गेले पाहिजेत. आपण १२,००० डबे विकले, तर विक्रीनुसार रॉयल्टी २ लाख ४० हजार होते, पण द्यावे लागतात ५ लाखच. दर डब्यामागचा बोजा २० रुपयांवरून जवळजवळ ४२ रुपयांवर जातो, आणि डब्यावरचा सगळा नफा तेथेच संपतो. म्हणून सही करण्यापूर्वी स्वतःला विचारावे, की चित्र नसलेला असाच डबा मी वर्षाला किती विकतो? ती संख्या एमजीच्या संख्येच्या निम्मीही नसेल, तर टक्केवारी एका अंकाने वाढली तरी चालेल, पण एमजी खाली आणण्यावरच अडून बसावे.

पैशानंतर वेळेचा हिशेब येतो, आणि कोकणात तो फार काटेकोर असतो. सही झाल्यावर हक्कधारक ‘स्टाइल गाइड’ देतो. त्यात पात्राच्या ठरावीक मुद्रा, रंगांचे नेमके क्रमांक, अक्षरांचे वळण आणि काय करू नये याचे नियम असतात. भीमच्या हातात लाडू कोणत्या कोनातून दिसावा, इथपर्यंत बारकावा असू शकतो. त्यानुसार केलेले रेखाटन, मग नमुना, मग छपाईपूर्व नमुना, मग अंतिम माल, असे टप्प्याटप्प्याने मंजुरीला पाठवावे लागते, आणि प्रत्येक टप्प्याला काही आठवडे लागू शकतात. परदेशातील हक्कधारक असेल तर नाताळच्या सुट्टीत सगळेच थांबते. आपल्याकडे रेनकोट आणि दप्तरांची खरी विक्री मेच्या मध्यापासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत होते; चाकरमानी मे महिन्यात गावी येतात आणि जाताना मुलांची खरेदी करून जातात, ती वेगळी. माल मेच्या पहिल्या आठवड्यात रत्नागिरीच्या दुकानात लागायचा असेल, तर उत्पादन मार्च-एप्रिलमध्ये, अंतिम मंजुरी फेब्रुवारीपूर्वी आणि करार दिवाळीच्या आधी व्हायला हवा. होळी-शिमग्याला सही करून त्याच पावसाळ्यात माल आणू असे जो म्हणतो, त्याचा माल पाऊस सरल्यावर येतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत कसलीही सवलत मागू नये आणि देऊही नये. जून २००७ मध्ये अमेरिकेत थॉमस या आगगाडीच्या मालिकेवरील लाकडी खेळण्यांचे सुमारे १५ लाख नग परत मागवावे लागले, कारण चीनमध्ये बनलेल्या त्या खेळण्यांच्या रंगात शिसे आढळले. खेळणी परवानाधारक आरसी२ कंपनीची होती, पण आईवडिलांच्या मनात राहिले ते थॉमसचेच नाव. त्यानंतर हक्कधारक कारखान्याची तपासणी, प्रयोगशाळेचे अहवाल आणि विम्याचे कागद अधिकच काटेकोरपणे मागू लागले असतील, तर त्यांना दोष देता येणार नाही. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला कायमची इजा करते. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा २०१७ पासून लागू आहे. लाकडी खेळणी रंगवणाऱ्याने सुटा, नाव नसलेला रंग वापरूच नये आणि रंगाच्या डब्याचे बिल जपून ठेवावे.

करार संपतानाची अट सुरुवातीलाच वाचावी. मुदत संपल्यावर शिल्लक माल विकण्यासाठी बहुधा तीन महिन्यांच्या आसपास अवधी मिळतो, आणि त्यानंतर उरलेला माल नष्ट करावा लागतो. मुदत डिसेंबरअखेर संपत असेल, तर शिल्लक दप्तरांना जूनचा हंगाम मिळणारच नाही. म्हणून मुदतीची अखेर ३० जूनच्या पुढे राहील अशा तारखा मागाव्यात. हक्कधारकाला त्यात काही खर्च नसतो आणि तो सहसा मान्यही करतो. हिशेब दर तिमाहीला द्यावा लागतो आणि हक्कधारकाला आपली वहीखाती तपासण्याचा अधिकार असतो, तेव्हा जत्रेत रोखीने विकलेल्या मालाचीही बिले फाडावीत.

पाचवी पायरी: स्वतःचे पात्र घडवणाऱ्यांसाठी

सावंतवाडीच्या चितारआळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळे, भातुकली आणि पाळण्यावरची खेळणी पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. तेथील लाकडी कामाला आणि गंजिफांना, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांना, भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जिवंत ठेवली. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या प्रदेशात गोष्ट सांगणारे चित्र आणि हातात धरता येणारे खेळणे या दोन्ही कला शेजारीशेजारी नांदतात, तेथून मुलांचे एखादे मोठे पात्र अजून निघू नये, याची मला खंत वाटते. कला असूनही कागद नाहीत, हे त्याचे मोठे कारण आहे, असे मला वाटते.

पहिली गोष्ट, परंपरेतील पात्र कोणाच्याही मालकीचे नसते. दशावतारातील काळ्या वेषातला संकासुर, गणपतीचा उंदीर किंवा महाभारतातला भीम यांवर कोणी हक्क सांगू शकत नाही. पण त्या भीमाला नऊ वर्षांचा, नारिंगी धोतर नेसलेला, लाडू खाऊन बळ येणारा मुलगा केले, की ते विशिष्ट रूप निर्मात्याचे होते. आपणही संकासुराला एखादा स्वभाव, एखादी खोड आणि ठरावीक आकार दिला, तर ते रूप आपले. आणि म्हणूनच दुसऱ्याच्या रूपाला थोडे बदलून आपले म्हणू नये.

दुसरी गोष्ट, पात्र काढतानाच ते वस्तूवर कसे बसेल, याचा विचार करावा. कातकामातून, म्हणजे लाकूड यंत्रावर फिरवत घडवण्यातून, गोल, शंकू आणि दंडगोल हे आकार सहज निघतात. बारीक हातपाय वेगळे करून चिकटवावे लागतात, आणि तेच सुटून मुलाच्या तोंडात जातात. तेव्हा डोके, धड आणि टोपी हे सगळे एकाच लाकडातून निघेल असे पात्र आखावे. काळी सावली पाहूनही मूल त्याला ओळखेल का, हे तपासावे. चार-पाच रंगांत ते पूर्ण व्हावे, कारण प्रत्येक वाढीव रंग छपाईचा आणि रंगकामाचा खर्च वाढवतो. टेलिटबीज जगभर ओळखले गेले ते चार रंग आणि डोक्यावरचे चार वेगळे आकार यांवर.

तिसरी गोष्ट नोंदणीची, आणि तिचा क्रम चुकवू नये. चित्र काढल्याक्षणी कॉपीराइट निर्माण होते, ते चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकते, आणि त्याला नोंदणीची सक्ती नाही. परंतु खेळण्याच्या आकाराबाबत कायद्यात एक खाच आहे, जी कारागिरांना क्वचितच कोणी सांगते. जो आकार डिझाइन म्हणून नोंदवता आला असता पण नोंदवला नाही, त्याचे ५० हून अधिक नग औद्योगिक प्रक्रियेने निघाले, की त्यावरचे कॉपीराइट संपते. शिवाय डिझाइनची नोंदणी वस्तू लोकांसमोर येण्यापूर्वी करावी लागते; प्रदर्शनात मांडून झाल्यावर नवेपण उरत नाही. म्हणून आधी डिझाइनचा अर्ज, मग जत्रा. ही नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे पाच वर्षे वाढवता येते. पात्राचे नाव आणि मुख्य मुद्रा ट्रेडमार्क म्हणून वर्गवार नोंदवावी: खेळण्यांसाठी २८, कपड्यांसाठी २५, दप्तरांसाठी १८, वह्यांसाठी १६ आणि मालिकेसाठी ४१. एका व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क वर्गामागे ४,५०० रुपये पडते, म्हणून सुरुवातीला २८ आणि ४१ हे दोन वर्ग पुरेत. ट्रेडमार्क दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून कायम ठेवता येतो. कारागिरांसाठी आणखी एक सवलत आहे: विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदलेल्या कारागिराच्या खेळण्यांना आणि भौगोलिक मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्याच्या मालाला आयएसआय चिन्हाच्या सक्तीतून सूट आहे. सूट चिन्हातून आहे, काळजीतून नाही. शिसे तेथेही शिसेच असते.

गोष्ट लोकांपर्यंत नेण्यासाठी आता वाहिनीचीच वाट पाहावी लागत नाही. कोकोमेलन या बालगीतांच्या मालिकेचा पाया यूट्यूबवर घातला गेला आणि दप्तरांपर्यंत ती नंतर पोचली. मात्र जानेवारी २०२० पासून यूट्यूबवर मुलांसाठीच्या चित्रफितींना वैयक्तिक जाहिराती लावता येत नाहीत. अमेरिकेत १७ कोटी डॉलरांच्या तडजोडीनंतर हा बदल झाला. त्यामुळे तेथे जाहिरातीचे उत्पन्न कमी असते, आणि चित्रफीत ही ओळख करून देण्यापुरती धरून कमाईची अपेक्षा वस्तूंकडूनच ठेवावी. दोन-दोन मिनिटांच्या दहा गोष्टी मालवणीत आणि प्रमाण मराठीत अशा दोन्ही रूपांत करून पाहाव्यात. कोणते पात्र मुले स्वतः चित्र काढून दाखवतात, यावरून पुढे कोणाची खेळणी करायची ते ठरवावे.

पात्र चार गावांत ओळखीचे झाले, की कोणी ना कोणी मोठा भेटायला येईल आणि सगळे हक्क एकरकमी घेण्याचा प्रस्ताव ठेवील. त्या वेळी घाई करू नये. सगळे हक्क न देता, वस्तू, प्रदेश आणि मुदत या तिन्ही गोष्टी स्वतंत्र लिहून परवाना द्यावा, आणि ठरावीक काळात माल किंवा मालिका आली नाही तर हक्क आपोआप परत येतील, अशी अट घालावी. हस्तांतरण लेखी नसेल तर ते कायद्याने ग्राह्य नाही. लेखी असूनही मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. हाच नियम आपल्यालाही लागू पडतो, म्हणून गावातील एखाद्या मुलाकडून किंवा मित्राकडून पात्राचे रेखाटन करून घेतले असेल, तर पहिल्याच दिवशी त्याच्याशी कागद करावा, त्याचा मोबदला आणि त्याचे नाव दोन्ही त्यात लिहावे. नंतर पैसा येऊ लागल्यावर तो कागद करणे फार अवघड जाते.

आणि मूळ रेखाटने जपावीत. आपल्या हवेत जून ते सप्टेंबरमध्ये कागदाला बुरशी धरते, पेन्सिलीची रेष पुसट होते आणि मागची तारीख वाचता येत नाही. प्रत्येक रेखाटनावर तारीख आणि सही करून ते पाऊस लागण्यापूर्वी स्कॅन करावे, एक प्रत स्वतःला ईमेलने पाठवून ठेवावी, आणि मूळ कागद पत्र्याच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावेत. या पुड्या दर पावसाळ्यात बदलाव्या लागतात.